फुकटच्या जमिनीची अट

मॉरिस, मिनेसोटा
जानेवारीचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप अप्पाकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. ओवीने बारावीनंतर इथल्या, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिसमधल्या कॉलेजचा विचार चालवलाय हे वाचून बरं वाटलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हजार मुलांचं सरकारी कॉलेज, तेही कुठल्या तरी माळरानावर, हे मुळात प्रकरण काय आहे? आणि पोर तिथे राहील कशी? दुसऱ्याचं उत्तर यादी करून देता येईल. पहिल्यासाठी एकशेतीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं. तुमचं सगळं आयुष्य आश्रमशाळेत गेलंय, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

गाव आधी सांगतो. मिनियापोलिसपासून पश्चिम-वायव्येला साधारण अडीचशे किलोमीटर, गाडीने तीन तासांच्या आत-बाहेर. वस्ती पाच हजारांवर थोडी. भोवती सपाट काळी जमीन, त्यात मका आणि सोयाबीन. गावाजवळून पोम द तेर नावाची नदी जाते. फ्रेंचमध्ये याचा अर्थ बटाटा, पण बटाट्याशी संबंध नाही. इथले डकोटा लोक माळावरचं एक कंद खणून खायचे, त्यावरून फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे नाव ठेवलं. गावाला मॉरिस हे नाव मात्र रेल्वेच्या एका इंजिनिअरचं. नदीचं नाव कंदावरून आणि गावाचं रेल्वेवरून, यावरूनच तुम्हाला इथला इतिहास कसा वळला ते कळेल.

१८८७ साली सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक जोगिणींनी इथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मदर मेरी जोसेफ लिंच या त्यांच्या प्रमुख. सरकार दर मुलामागे ठरावीक रक्कम द्यायचं, शाळा संस्था चालवायची. म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित आश्रमशाळेचाच हिशेब, आणि त्यातला धोकाही तोच: पट भरला तर पैसा, म्हणून पट भरण्याची घाई. पुढे सरकारने चर्चच्या शाळांना पैसे देणं बंद करत आणलं. १८९७ साली केंद्र सरकारने ही शाळा विकत घेतली आणि स्वतः चालवायला सुरुवात केली. ओजिब्वे, डकोटा, लाकोटा आणि इतर जमातींची मुलं शेकडो मैलांवरून इथे आणली जायची. या घराण्यातल्या सगळ्या शाळांचा दिनक्रम एकच असे: अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. मुलगे शेतावर, गोठ्यात, सुतारकामात, मुली शिवण, धुणं, स्वयंपाक यांत. बोलायचं फक्त इंग्रजी. केस कापलेले, कपडे बदललेले, नावंही बदललेली. काही मुलं आजाराने इथेच गेली, घरी परतली नाहीत.

तुम्ही कोसबाडला जाऊन आला होतात, ते आठवतंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तिथे कुरणशाळा चालवली: पोरं गुरांमागे जातात ना, मग शाळाच कुरणावर न्यायची. मॉरिसची शाळा याच्या बरोबर उलट डोक्यातून निघालेली. पोरांना कुरणातून, घरातून, भाषेतून उचलायचं आणि मग शिकवायचं. दोन्हीकडे पाटी-पेन्सिल होतीच, म्हणून नुसतं 'शाळा काढली' एवढ्यावर कुणाचं कौतुक करता येत नाही.

१९०९च्या सुमारास केंद्राचं धोरण बदललं. मुलांना लांब नेण्यापेक्षा त्यांच्या वस्त्यांजवळच शाळा असाव्यात, असं वॉशिंग्टनला वाटू लागलं. खर्चही नको झाला होता. तेव्हा मॉरिसची जमीन आणि इमारती मिनेसोटा राज्याला देऊन टाकल्या. मात्र देताना एक अट घातली: इथे जी शाळा चालेल तिच्यात आदिवासी विद्यार्थ्यांना कधीही शिकवणीची फी न घेता, गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा. राज्याने अट मान्य करून जागा घेतली.

काका, खरी गोम इथेच आहे. अट लिहिणाऱ्याने ती फार विचार करून लिहिली असेल असं मला वाटत नाही. जमीन देताना कारकुनी भाषेत असं एखादं कलम येतंच. 'सदर जागेचा वापर शैक्षणिक कारणासाठीच करावा' हे आपल्याकडेही सातबाऱ्यावर असतं आणि पुढे तिथे मंगल कार्यालय उभं राहतं. इथे तसं झालं नाही. कलम राहिलं, राज्याच्या कायद्यात गेलं, आणि आज कॉलेजात प्रत्येक तीन मुलांमागे साधारण एक मूल आदिवासी आहे ते त्या एका वाक्यामुळे. कोलोरॅडोत ड्युरँगोला फोर्ट लुईस नावाचं कॉलेज आहे, तिथेही १९११च्या अशाच हस्तांतरातून अशीच सवलत आली. अशी उदाहरणं या देशात फारशी नाहीत.

१९१० साली त्याच आवारात राज्य विद्यापीठाने शेतकी शाळा उघडली, वेस्ट सेंट्रल स्कूल ऑफ ॲग्रिकल्चर. हीसुद्धा निवासी, पण हायस्कूलच्या पातळीची, शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी. तिचं वेळापत्रक तुम्हाला आवडेल. शाळा ऑक्टोबर ते मार्च. सुगी आटोपली की मुलं यायची, पेरणीच्या आधी परत जायची. उन्हाळ्यात घरच्या शेतावर काहीतरी प्रकल्प करायचा, आणि शिक्षक घरी येऊन तो बघायचे. आपण मात्र भाताची लावणी ऐन रंगात असताना हजेरी का पडत नाही म्हणून मास्तरांना नोटिसा पाठवत बसतो. फी माफीची अट या काळातही होती, पण त्या सवलतीवर फार थोडी आदिवासी मुलं आली. कागदावर दार उघडं असणं वेगळं, नि कुणी आपलं म्हणून दारात बोलावणं वेगळं.

१९५०च्या दशकात गावोगावी हायस्कुलं झाली, मुलांच्या बस सुरू झाल्या आणि निवासी शेतकी शाळेची गरज सरली. आवार रिकामं पडणार हे दिसत होतं. या भागातल्या लोकांनी धरून लावलं की इथे विद्यापीठाचं चार वर्षांचं कॉलेज हवं. १९६०च्या सप्टेंबरात ते सुरू झालं: २३८ विद्यार्थी आणि १३ प्राध्यापक. रॉडनी ब्रिग्ज हे पहिले प्रमुख, ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. १९६३ला शेतकी शाळा बंद झाली आणि १९६४ला कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली.

म्हणजे एकाच आवाराने तीन संस्था पाहिल्या, आणि तिघींच्या खुणा चालता चालता दिसतात. पहिल्या शाळेची एकच इमारत उरली आहे, मुलग्यांचं वसतिगृह, १८९९च्या सुमाराचं. ती राष्ट्रीय वारसा यादीत आहे आणि विद्यार्थ्यांच्या विविध सांस्कृतिक गटांचं काम तिथूनच चालत आलंय. मधल्या हिरवळीच्या भोवतीच्या विटांच्या इमारती शेतकी शाळेच्या. त्यातल्या पुष्कळशा क्लॅरेन्स जॉन्स्टन या राज्याच्या वास्तुविशारदाने काढल्या. जेव्हा जनावरांचे गोठे, अवजारांच्या शेड आणि वर्ग एकाच आवारात होते, तेव्हाची ही मांडणी, पण अशी नेटकी की आजही वाट चुकत नाही. साठ-सत्तरच्या दशकातलं काँक्रीट त्यानंतरचं. त्यात कला विभागाची इमारत राल्फ रॅपसन यांची आहे. काहींना ती फार आवडते, मला ती धरणाच्या भिंतीसारखी वाटते.

आता कॉलेज म्हणजे काय, ते. मिनेसोटा विद्यापीठाची पाच आवारं आहेत: मिनियापोलिस-सेंट पॉलचं मोठं, मग ड्युलुथ, मॉरिस, क्रुक्स्टन आणि रॉचेस्टर. मॉरिस त्यातलं एक. याला आपल्यासारखं 'संलग्न महाविद्यालय' समजू नका. अभ्यासक्रम इथलाच, पेपर इथलाच, आणि जो शिकवतो तोच तपासतो. बाहेरचा परीक्षक नाही, हॉल तिकीट नाही, निकालाची वाट बघणं नाही. पदवीवर नाव मात्र मिनेसोटा विद्यापीठाचं. इथे फक्त पदवीपर्यंतचंच शिक्षण आहे, पदव्युत्तर नाही. एरवी हे कमीपणाचं वाटेल, पण ओवीसाठी हाच फायदा आहे. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळा पुष्कळदा एमएस-पीएचडी करणारी मुलं घेतात, आणि प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनीसही तीच. इथे ती नाहीतच, म्हणून यंत्राला हात लावायला दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही मिळतो.

हिशेब असा. पदवीला १२० क्रेडिट (विषय किती मोठा ते मोजायचं माप) लागतात. एक विषय बहुतेक चार क्रेडिटचा. वर्षाला दोन सत्रं, म्हणजे आठ सत्रांत दर सत्राला सरासरी पंधरा. पहिल्या वर्षी लेखनाचा एक विषय आणि छोट्या गटात चर्चेने चालणारा एक विषय घ्यावाच लागतो. मुख्य विषय लगेच ठरवायचं बंधन नाही. विज्ञानाच्या मुलीला एखादा कलेचा, इतिहासाचा, भाषेचा विषय घ्यावा लागतोच. इथे ओजिब्वे (त्यांच्या भाषेत अनिशिनाबे) आणि डकोटा या दोन्ही भाषा शिकवतात. ज्या आवारात या भाषा बोलायला बंदी होती, तिथेच आज त्यांचे वर्ग भरतात. शेवटच्या वर्षी एक मोठं काम स्वतः करून सगळ्यांपुढे मांडावं लागतं.

चुकतं कुठे, तेही ओवीला आत्ताच सांगून ठेवा. छोट्या कॉलेजात वरच्या पातळीचे पुष्कळ विषय एक वर्षाआड होतात. माहितीपुस्तिकेत विषयाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'सम वर्षी, पहिलं सत्र'. ते न वाचता तिसऱ्या वर्षी भौतिकशास्त्राचा एखादा विषय पुढे ढकलला, तर तो पुन्हा येतो तेव्हा पाचवं वर्ष लागलेलं असतं. त्यात आधीचा विषय झालेला असल्याशिवाय पुढचा मिळत नाही, ही साखळी असते. म्हणून पहिल्या सत्रातच एका कागदावर आठ चौकोन काढायचे आणि शेवटच्या चौकोनातून मागे मागे यायचं. मार्गदर्शक प्राध्यापक प्रत्येकाला नेमून दिलेले असतात, पण विचारायला आपण जायचं असतं. ते आपल्या मागे लागत नाहीत. दुसरी चूक व्हिसाची. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्राला निदान बारा क्रेडिट लागतात. जड जातंय म्हणून एखादा विषय सोडला आणि आकडा बाराच्या खाली गेला, की विषय तर सुटतोच, व्हिसाही धोक्यात येतो. सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जायचं, नंतर नाही. काम करायचं तर आवारातच, आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच. ग्रंथालय, मेस, व्यायामशाळा, संगणक कक्ष इथे अशी कामं असतात. पण त्या पैशावर फी निघेल हा हिशेब कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. हातखर्च निघतो, एवढंच.

ती फी माफीची सवलत ओवीला लागू नाही, हे वेगळं सांगायला नको. पण ती कशी चालते ते तुम्हाला ऐकायचं असेल. मुलाने जमातीचा सदस्य असल्याचा किंवा आईवडील, आजी-आजोबांकडून आलेल्या नात्याचा पुरावा द्यायचा. माफी फक्त शिकवणीच्या फीची. राहणं, जेवण, पुस्तकं, गाडीभाडं यांचा खर्च उरतोच, आणि गरीब घरातलं मूल अडतं ते नेमकं तिथेच. जातीच्या दाखल्यासाठी वणवण करणाऱ्या पोरांच्या फायली तुम्ही पाहिल्या आहेत, इथेही कागद गोळा करणं सोपं नसतं. अट घातली केंद्राने, खर्च मात्र राज्याने नि विद्यापीठाने उचलायचा. बाहेरच्या राज्यांतून मुलं येतात तेव्हा हा भार वाढतो. पण अट आहे म्हणून दरवर्षी ती पाळली जाते. अर्थात नुसती फी माफ करून मुलं टिकत नाहीत, हे या लोकांना उशिरा का होईना कळलंय. म्हणून आदिवासी विद्यार्थ्यांचं स्वतःचं मंडळ आहे, वसंत ऋतूत त्यांचा पाऊवाव नावाचा मेळा होतो, ढोल, नाच, सगळा परिसर लोटतो. विद्यार्थी केंद्रातल्या उपाहारगृहाचं नाव टर्टल माउंटन. ज्या वस्तीतून जुन्या शाळेत मुलं आणली गेली, तिचं हे नाव. जुन्या शाळेतल्या मुलांच्या नोंदी शोधण्याचं कामही सुरू आहे.

आता पवनचक्क्या. ओवीने फोटो पाहून विचारलंय म्हणे की त्या शोभेच्या आहेत का. नाहीत. कॉलेजला लागून विद्यापीठाचं शेती संशोधन केंद्र आहे, शेतकी शाळेचंच भावंड. तिथे टेकाडावर २००५ साली पहिली उभी केली आणि २०११ला दुसरी. दोन्ही वेस्टास कंपनीच्या व्ही-८२ जातीच्या, प्रत्येकी १.६५ मेगावॅटची. खांब सत्तर मीटर, पात्यांच्या चकतीचा व्यास ८२ मीटर. फिरतात मिनिटाला जेमतेम चौदा वेळा, म्हणून लांबून आळशी वाटतात, पण पात्याचं टोक तेव्हा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. वारा सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास गेला की वीज सुरू, तेराच्या सुमारास पूर्ण ताकद, आणि वीसच्या वर गेला की यंत्र स्वतःला वाचवायला थांबतं. दोन्ही मिळून वर्षाला साधारण एक कोटी युनिट. वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन आलेल्या माणसाला यात नवल नाही, फरक एवढाच की इथली वीज आधी कॉलेजात येते, उरली तर बाहेरच्या जाळ्यात जाते.

अडचण वेळेची आहे. वारा रात्री आणि हिवाळ्यात जोरात, वापर दिवसा. रात्री दोनला पाती भरधाव फिरतात, तेव्हा आवारात दिवे तरी किती लागलेले असणार? उलट ऑगस्टच्या कुंद दुपारी मुलं नुकतीच आलेली, सगळीकडे एसी चालू, आणि वारा पडलेला. म्हणून 'कॉलेज वाऱ्यावर चालतं' हे वर्षाच्या बेरजेत खरं, तासाच्या हिशेबात नाही. आणि कडाक्याची थंडी फार वाढली की यंत्र थांबवावं लागतं. तेल घट्ट होतं, पोलाद ठिसूळ होतं.

उष्णतेची गोष्ट याहून मजेची आहे, कारण तिथे बेत फसला. आवाराला मध्यवर्ती बॉयलरमधून वाफेने गरम करतात. २००८च्या सुमारास नैसर्गिक वायूऐवजी भोवतालचा मक्याचा कडबा वापरायचा म्हणून गॅसिफायर बसवला. कल्पना झकास: कडबा कमी हवेत तापवायचा, त्यातून निघणारा वायू जाळायचा, पैसा परक्या कंपनीला न जाता शेजारच्या शेतकऱ्याला. पण कडबा फुलका असतो. पुरेशा उष्णतेसाठी ट्रकच्या ट्रक लागतात, साठवायला शेड, धूळ, पावसाने ओल. गठ्ठे बांधताना माती येते. आणि मक्याच्या ताटात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे राख कमी तापमानाला वितळते आणि भट्टीत खंगर होतो, वीटभट्टीत होतो तसाच. मग भट्टी बंद करून खरवडायची. लाकडाचे तुकडे आणि दाणे काढलेली कणसांची बुरकुंडं त्यामानाने बरी चालली. तेवढ्यात जमिनीतून नवा वायू मुबलक निघून त्याचा भाव कोसळला आणि हिशेबच पालटला. आपल्या साखर कारखान्यांत बगॅस जळतो कारण तो गाळपातूनच आयता बॉयलरच्या दारात पडतो. इथे कडबा शेतातून उचलून आणावा लागला, सगळी गोम तिथे. तरी हा प्रयोग मुलांना जे शिकवून गेला ते पुस्तकात मिळालं नसतं.

त्याच संशोधन केंद्रात २०१३पासून वाऱ्याच्या विजेवर अमोनिया करून पाहिला आहे: पाण्यातून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, आणि मोठ्या दाबाखाली दोन्हींची सांगड. इथला मक्याचा शेतकरी युरियाची गोणी फोडत नाही, अमोनियाची टाकी ट्रॅक्टरमागे लावून नळ्यांनी तो जमिनीत सोडतो. म्हणून त्यांना त्याचं इतकं महत्त्व. सौर पॅनेलही आहेत, काही कुरणात उंचावर, खाली गायी सावलीला उभ्या राहतात. तुम्ही असतात तर आधी गायीच बघितल्या असत्या.

राहण्याचं. पहिल्या वर्षी आवारातच राहायचं. खोलीत दोघी, न्हाणीघर सामायिक. वसतिगृहाला मधली सुटी असते तेव्हा मेसही बंद होते. नोव्हेंबरातले चार दिवस, डिसेंबर-जानेवारीतले काही आठवडे, मार्चमधला एक. तेव्हा कुठे राहायचं ते आधी ठरवून, अर्ज करून ठेवावं लागतं. दरवर्षी कुणीतरी हे विसरतं आणि शेवटच्या दिवशी सामान घेऊन पायरीवर बसतं. मेसमध्ये शाकाहारी असतं, पण आपल्याला ते सॅलड, पास्ता आणि बीन्स वाटतं, जेवण नाही. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे कुकर लावता येतो. खोलीत शेगडी चालत नाही. मिक्सर आणू नये. इथला वीजदाब १२० व्होल्ट, आपला २३०चा मिक्सर घुमतच नाही नीट. खलबत्ता मात्र आणावा. गावात किराणा मिळतो, तूरडाळ आणि गोडा मसाला नाही. त्यासाठी मिनियापोलिसची फेरी, वर्षातून दोन-तीनदा कुणाच्या तरी गाडीतून. इथे प्रवासी रेल्वे नाही, गाडी नसलेल्या माणसाला गाव सोडणं अवघड, हे ओवीला नीट कळू दे. पुण्यासारखं 'चल, जरा जाऊन येऊ' इथे नाही.

म्हणून जे काही होतं ते आवारातच होतं. विद्यार्थ्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, ८९.७ वर. कुणीही शिकून तास मागू शकतं, मध्यरात्रीचा तास तर मागितला की मिळतो. दरवर्षी जॅझचा महोत्सव. खेळात संघाचं नाव कूगर्स. अमेरिकेत मुलींच्या कुस्तीचा कॉलेजचा अधिकृत संघ पहिल्यांदा काढला तो याच कॉलेजने, १९९३ साली, दहाएक वर्षांनी बंदही केला. आणि फुटबॉलमध्ये लागोपाठ ४६ सामने हरलेही हेच, १९९८ ते २००३. कोल्हापूरच्या माणसाने कुस्तीचं लक्षात ठेवावं, फुटबॉलचं सोडून द्यावं.

थंडीची भीती घालत नाही, पण मोजून सांगतो. आज सकाळी उणे सत्तावीस सेल्सिअस. वाऱ्यामुळे अंगाला उणे पस्तीसच्या पुढे लागतं, आणि तेव्हा उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठायला लागते. कॉलेजातल्या इमारती एकमेकींपासून पाच-सात मिनिटांवर आहेत, त्यामुळे निभतं. कपडे तिथून आणू नका, महाबळेश्वरचं स्वेटर इथे बनियनसारखं. आतला थर सुती नसावा, घामाने ओला होतो आणि गार पडतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा हवा. बूट एक माप मोठे, आत जाड मोजा मावेल असे, घट्ट बुटात पाय जास्त गारठतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊ तासच असतो, आणि पहिल्या हिवाळ्यात मुलं गप्प होतात, झोपून राहतात. याला आळस समजून रागावायचं नाही. दुपारी अर्धा तास उजेडात चालायचं, आणि तरी जड वाटलं तर समुपदेशकाकडे जायचं. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट लपवणार नाही. २०१०नंतरच्या वर्षांत इथे एकोणीसशेच्या आसपास मुलं होती, आता हजाराच्या आसपास. गावाकडच्या घरांत मुलंच कमी झाली आहेत, आणि राहिलेली शहराकडे जातात. मुलं कमी झाली की विषय कमी होतात, एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरली जाईलच असं नाही. म्हणून ओवीने प्रवेशाच्या आधी तिला हव्या त्या विभागाला इमेल करून तीन प्रश्न विचारावेत: या विषयाला पूर्णवेळ शिकवणारे किती जण आहेत, वरच्या पातळीचे कुठले विषय पुढच्या दोन वर्षांत नक्की होणार आहेत, आणि मागच्या वर्षी या विषयात किती जण पदवीधर झाले. छोट्या कॉलेजात उत्तर खुद्द प्राध्यापकच देतात, तेही बहुधा दोन दिवसांत. आलं की मला पाठवा, आपण मिळून वाचू.

कागदांचं वेगळं लिहून पाठवतो. तूर्त एवढंच: कॉलेजकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) आल्यावर आधी सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलरची फी, मग व्हिसाची मुलाखत, हा क्रम मोडायचा नाही. बँकेतली रक्कम पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाएवढी दिसली पाहिजे, फीएवढी नव्हे.

आणि ओवी आलीच, तर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एक वाजता गावभर भोंगा वाजेल. पहिल्यांदा ऐकलं की काळजात धस्स होतं. ती वादळाच्या भोंग्याची चाचणी असते, जवळजवळ सगळ्या मिनेसोटात एकाच वेळी. एरवी कधीही वाजला तर मात्र तळघरात जायचं.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते पुढच्या पत्रात लिहा.

तुमचा,
सुधा

ता. क. मेतकूट संपत आलंय. कुणी येणार असेल तर पाव किलो पुरे, वजन जास्त घेऊ नका.